त्या दिवशी पिन मी काढून गेले होते

माझा जन्म साताऱ्याचा. माहेर शेतकऱ्यांचं, पण वडील फौजेत सुभेदार होते त्यामुळे घरात शेतापेक्षा फौजेचीच शिस्त जास्त, बूट कुठे, कंदील कुठे, विळी कुठे हे डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे असा त्यांचा दंडक, आणि पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी घरात रेडिओ आणला तेव्हा त्याच्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आधी मला मोठ्यानं वाचायला लावलं, अर्थ सांगायला लावला आणि मगच बटण फिरवलं. आधी वाच, मग हात लाव, असं ते म्हणायचे. त्या वाचण्यातूनच मला इंग्रजीची गोडी लागली आणि पुढे मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, आमच्या भावकीतली पहिलीच मुलगी. भावकीतले लोक विचारायचे, सुभेदार, पोरीला काय गव्हर्नर करताय व्हय? वडील म्हणायचे, बघू की, जागा रिकामी झाली तर.

हे सगळं मी इरा आणि ओम, तुमच्यासाठी सांगते आहे. लिहिताना माझा हात आता थरथरतो, म्हणून मी बोलते आणि खालच्या मजल्यावरची मेधा लिहून घेते, नंतर मी वाचून काना-मात्रा तपासणार आहे हे तिला आधीच सांगून ठेवलंय. परवा आपण फोनवर एकमेकांना बघत बोलत होतो ना, इरा, तू बाळाला तेल लावून नुकती उठली होतीस, मागे तुमचा तो कपडे वाळवायचा ड्रायर घुमत होता, आणि तुमचे आजोबा हसत म्हणाले, जप गं बाई त्या मशीनला, तुझ्या आजीनं ते चालू ठेवून एकदा घर पेटवलं होतं. तुम्ही सगळे हसलात. मीही हसले. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आजोबा आत्ता फिरायला गेलेत, तेवढ्यात सांगून होईल.

लग्न होऊन मी सांगलीला आले. तुमचे आजोबा साखर कारखान्यात इंजिनिअर, घर विश्रामबागेत, पुढे लहानसा व्हरांडा आणि मागे पत्र्याची पडवी. सासूबाई कृष्णाकाठच्या, ऊस-भुईमूग पिकवणाऱ्या घरातल्या, शरीरानं दणकट आणि जिभेनं त्याहून. त्यांनी मला छळलं वगैरे काही नाही, उगाच खोटं कशाला सांगू, पण मी पेपर वाचत बसले की येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, आमच्या सूनबाईची परीक्षा अजून संपली न्हाई बगा. एकोणीसशे साठची सालं संपून सत्तरची लागली होती, तुमचे बाबा नुकते शाळेत जायला लागले होते आणि मला वाटायला लागलं होतं की आता मी शिकवायला जावं. कॉलेजं हाकेच्या अंतरावर होती. रोज सकाळी मुलं-मुली सायकलींवरून जाताना दिसायची आणि मी हातात केरसुणी धरून बघत उभी राहायची.

त्याच सुमाराला माझे थोरले दीर, ते डॉक्टर होते, इंग्लंडहून कायमचे परत आले आणि मुंबईला राहिले. मुंबईचं घर लहान, त्यामुळे बोटीनं आणलेलं सामान इकडे-तिकडे वाटलं गेलं, आणि आमच्या वाट्याला आला कपडे वाळवायचा ड्रायर. काय सांगू तुम्हाला, ट्रकमधून ते धूड उतरताना बघायला अख्खी गल्ली जमली होती. सासूबाई म्हणाल्या, ऊन फुकट मिळतंय ते काय वाईट हाय व्हय? पण पावसाळा लागला, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओलसर राहून वास मारायला लागले, आणि मग त्याच म्हणाल्या, ती पेटी चालू कर की.

मी आधी पुस्तक वाचलं. इंग्रजीच होतं. वाचून सगळ्यांना समोर बसवून मराठीत सांगितलं, वडिलांसारखंच. मशीनला वेगळी जाड वायर ओढून घेतली, कारण ते लाइटच्या साध्या प्लगवर लावायचं नाही. कपडे आधी चांगले पिळायचे, निथळते टाकले तर मशीन नुसतं पाणी आटवण्यात वीज खातं. ठासून भरायचे नाहीत, आत उलटायला जागा हवी. जाडजूड चादरी वेगळ्या, पातळ वेगळे. आत एक जाळी असते, तिच्यावर कपड्यांची लव साठते, पिंजलेल्या कापसासारखी, ती प्रत्येक वेळी काढायची, कारण तिच्याइतकं पटकन पेटणारं दुसरं काही नाही. गरम हवा बाहेर जायला नळी असते, मी ती खिडकीतून काढली होती, तर सासूबाईंनी तिच्यात वाऱ्याला अडसर म्हणून पोत्याचा बोळा कोंबला होता, तो काढला. शेवटी उष्णता बंद झाल्यावरही मशीन थोडा वेळ फिरत राहतं, कपडे थंड करायला, ते मध्येच थांबवायचं नाही. घराबाहेर पडताना चालू ठेवायचं नाही, आणि काम झालं की भिंतीतली पिन काढायची. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात तर माझा सत्यनारायण हुतोय.

आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली. तेलकट फडकं ह्यात टाकायचं नाही, धुतलेलं असलं तरी नाही. धुऊनही तेल राहतं, आणि गरम कपड्यांचा ढीग बंद ठेवला की ते तेल आपोआप तापत जातं आणि पेटतं. ह्यावर तुमचे आजोबा इंजिनिअर असूनही हसले. म्हणाले, फडकं आपोआप पेटायला तो काय कापूर आहे का.

मग माझ्या नणंदबाई, शालूवन्सं, बाळंतपणाला आल्या. त्यांचं सासर आटपाडीचं, पण मिरजेचे दवाखाने जवळ म्हणून आमच्याकडे आणलं. आटपाडीची माणसं ती, पाऊस बघून बावचळलेली, म्हणायच्या, वैनी, आमच्याकडं दोरीवर टाकून मागं फिरेपर्यंत लुगडं वाळतंय, हितं काय बाई हे. मुलगी झाली, बाराव्याला तिचं नाव मंजू ठेवलं. आता बाळंतीण घरात म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. रोज सकाळी बायजाक्का यायची, बाळाला आणि आईला तेलानं रगडायची, आणि आमच्या भागात घरोघरी करडईचं तेल, तेच. अंगाखालची फडकी, बाळाला पुसायची फडकी, शेकायची फडकी, सगळी तेलानं पिवळी झालेली. ती मी सोड्याच्या पाण्यात उकळायची आणि मागच्या पडवीत दोरीवर टाकायची. उरलेले कपडे मशीनमध्ये. सासूबाईंची जुनी पद्धत म्हणजे शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर दुपटी वाळवायची, तीही चालू होती, धुरानं डोळे चुरचुरायचे.

त्याच दिवसांत मला कॉलेजात नोकरी लागली. इंग्रजी शिकवायची. तुम्हाला काय सांगू, मी पातळाला दोनदा इस्त्री केली. सासूबाईंची एकच अट, पोरगी सव्वा महिन्याची हुईतवर घरात काई उणं पडलं तर नोकरी बंद. मी मान्य केलं. तुमच्या आजोबांनीच त्यांना मनवलं होतं हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम रजा काढली. म्हणाले, तू जा, मी आहे घरी. ते वाक्य ऐकून मला वाटलं होतं, आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही.

त्या सकाळी मी मशीनवर तुमच्या बाबांचा शाळेचा गणवेश वाळवला, थंड होऊ दिला, काढला, जाळी साफ केली आणि पिन काढून वायर गुंडाळून वर ठेवली. तेलाची फडकी पडवीत दोरीवर टाकली. मग गेले.

वर्ग मोठा होता. मुलं आधी कुजबुजली, मग गप्प झाली. मी एक कविता शिकवली आणि तास संपला तरी दोन मुली प्रश्न विचारत थांबल्या. चालत घरी येताना मला आपल्या पायांचा आवाज येत होता, असं कधी होतं का कुणाला?

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. घरासमोर माणसं, अंगणात काळं पाणी, मशीन ठेवलेली मागची खोली आतून काळी झालेली, आणि मंजू नव्हती. धूर बाळंतिणीच्या खोलीत शिरला होता, मुलगी निळी पडली म्हणून शालूवन्सं आणि शेजारचे डॉक्टर तिला घेऊन मिरजेला धावले होते. ती वाचली, हे आत्ताच सांगून टाकते, आज ती स्वतः आजी आहे. पण त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाताला फोड आले होते. त्यांनी विचारलं, पेटी चालू ठिवून गेलीस व्हय गं?

मी म्हटलं, नाही, पिन काढून गेले. आणि तुमच्या आजोबांकडे बघितलं. सगळ्या माणसांनी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत होते.

म्हणाले, "सकाळच्या गडबडीत राहिलं असेल तिच्याकडून."

एवढंच. रागानं नाही, अगदी समजूतदारपणानं. जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, शिकलेल्या बाईचं ध्यान घरात कशाला ऱ्हाईल.

मी मागच्या खोलीत गेले. मशीनचं दार उघडं होतं आणि आत जळून कोळसा झालेली फडकी होती, एकाची कड शाबूत होती, पिवळी. पडवीतली दोरी रिकामी होती. मला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी बायजाक्का मागच्या दारानं आली आणि हळूच म्हणाली, आवं ताई, सायबांनीच दोरीवरची फडकी काढून पेटीत घातली, पेटी चालू केली, म्या डोळ्यांनी बगितलं, म्हाताऱ्या बाई म्हणत हुत्या पोरीला कोरडं फडकं न्हाई म्हणून. तेवढ्यात कारखान्याचं कोण आलं, तर सायबांनी खटकन बंद केलं, दार लावलं आणि भाईर जाऊन बसले.

तेवढ्यानंच पेटलं. मध्येच थांबवलेलं, गरम, करडईच्या तेलाचं, दार बंद करून कोंडलेलं.

मी त्यांना विचारलं. खोलीत, दार लावून. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, अगं, शालूच्या सासरची माणसं येणार, त्यांच्यासमोर काय सांगू, पुरुषमाणूस बाळंतिणीची फडकी वाळवत बसला होता आणि त्यात घर जाळलं? कारखान्यात लोक जन्मभर हसतील. तुझं काय, तू चार दिवस ऐकून घेशील, विसरतील सगळे. मी म्हटलं, आणि माझी नोकरी? म्हणाले, आत्ता आई ऐकायची नाही, पुढच्या वर्षी बघू.

मी वर्गात पुन्हा गेले नाही. पुढच्या वर्षी जागा भरली होती. त्याच्या पुढच्या वर्षी तुमची आत्या झाली. मी घरी शिकवण्या घेतल्या, खूप मुलं माझ्या हाताखालून गेली, ती रस्त्यात वाकून नमस्कार करतात, मी दुःखात आयुष्य काढलं असं कृपा करून समजू नका. सासूबाईंना खरं माहीत होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटच्या आजारपणात त्या माझ्याच हातून पाणी प्यायच्या, आणि एकदा माझा हात धरून नुसत्या बघत राहिल्या, मग तोंड फिरवलं.

राग मला त्या फडक्यांचा नव्हता. ती त्यांनी पुतणीवर... नाही मेधा, पुतणी नव्हे, भाचीवर, भाचीवरच्या मायेनं टाकली, चूक माणसाची होते. मला वाटायचं, एक दिवस हे आपल्या आईला सांगतील. त्या गेल्या. मग वाटलं, मुलांना सांगतील. मुलं मोठी झाली, लग्नं झाली. आणि परवा त्यांनी तुम्हाला सांगितलं, ते हे असं. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघत होते. इतक्या वर्षांच्या सहवासात खोटं बोलताना त्यांची डावी भुवई हलते हे मला ठाऊक झालं आहे. परवा ती हलली नाही. त्यांना आता ते खरंच तसं आठवतं. म्हणजे खरं जे झालं ते आता माझ्या एकटीजवळ उरलं, आणि तेवढ्यासाठी मी मेधाला वर बोलावलं.

आजोबांना तुम्ही काही विचारू नका, म्हातारं माणूस आहे, गोंधळेल. इरा, बाळाची तेलाची फडकी वेगळी ठेव, गरम पाण्यात धू आणि उन्हात नाहीतर खिडकीशी वाळव. जाळी रोज काढ. थंड होईपर्यंत मशीन फिरू दे. तुझ्या नवऱ्यालाही हे सगळं शिकव, आणि त्यानं फडकी वाळवली तर चारचौघांत सांग, त्याला सवय होऊ दे. बाळ तुझं सुखी राहो, आणि तू ज्या कामाला निघालीस त्याला जात राहा.

फाटक वाजलं. ते आले असतील, त्यांचा चहा टाकायला हवा. मेधा, एवढं शेवटचं लिही आणि आवर. त्या दिवशी जाळी साफ करून, वायर गुंडाळून, पिन मी काढून गेले होते.