वाकडी कडी

काका : काप म्हटलं ना, काप.

घड्याळवाला : काका, परत?

काका : परत म्हणजे? टोकाकडून एक डोळा मिटून बघ. बाकीच्या कड्या कशा शिस्तीत एका रांगेत उभ्या आहेत, आणि ही एकटी मान वाकडी करून बसलीय.

घड्याळवाला : मला तर सरळ दिसतेय.

काका : तुला दिवसभर भिंग लावून घड्याळात डोकं घालायची सवय. जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. उद्या गळाला दांडगा मासा लागला, दोरी ताणली, की ह्याच कडीत घासायला लागेल. मग म्हणशील, म्हाताऱ्यानं शिकवलं तरी काय!

घड्याळवाला : गेल्या रविवारी दुसरी कडी वाकडी होती.

काका : होतीच.

घड्याळवाला : त्याच्या आदल्या रविवारी दोऱ्याचे वेढे सैल होते.

काका : होतेच की. पहिल्यांदा गळाची काठी करतोयस, लेका. विकत आणली असतीस तर पिशवीत घालून घरी गेला असतास. आपल्या हातानं करायची म्हणजे कोरी काठी घ्यायची, बूच घासून घासून मूठ करायची, कडी न् कडी दोऱ्यानं बांधायची. मनासारखी नाही बसली तर दोरा कापून परत बांधायची. दोऱ्यावर लेप लावेपर्यंत काही बिघडत नाही. एकदा लेप लागला, वाळला, की संपलं. मग ब्रह्मदेव आला तरी कडी हलत नाही.

घड्याळवाला : म्हणून तर विचारतोय. लेप लावायचा कधी?

काका : लावू की. तुला कसली घाई? दुकान तर आज बंदच असतं तुझं.

घड्याळवाला : घाई कुठली. रविवारी दुसरं करायचं तरी काय?

काका : तेच म्हणतो मी.

घड्याळवाला : तिची आजही ड्यूटी का?

काका : कुणाची?

घड्याळवाला : काका...

काका : हां, आमच्या ढमीची होय? हो ना. दवाखान्यात रविवारी माणसं कमी असतात. हिलाच बोलावतात मेले.

घड्याळवाला : दर रविवारी?

काका : गरीब गाय आहे पोरगी. कुणाला नाही म्हणता येत नाही तिला.

घड्याळवाला : येतं की. मला म्हणाली.

काका : ...ब्लेड घे रे.

घड्याळवाला : घेतो, बाबा. म्हणजे, काका. सॉरी. तोंडात बसलंय अजून.

काका : बसू दे. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून जीभ थोडीच बदलते लगेच! पाठीमागच्या बाजूनं काप हं. काठीला ओरखडा नको.

घड्याळवाला : हे काठीचं खूळ तिनंच काढलं होतं. म्हणाली, तुम्ही दोघं समोरासमोर मख्खासारखे बसता, मला मध्ये बडबड करत बसावं लागतं. काहीतरी हातात घ्या म्हणजे तोंडं उघडतील.

काका : उघडली की. आता आपण दोघं बडबडतो आणि तीच नाही मध्ये.

काकू : तीन वाजले. सांगितलंत याला?

काका : अगं, कडी जरा वाकडी बसलीय, तेवढी—

काकू : मी कडीचं विचारलं नाही.

घड्याळवाला : काय सांगायचंय, काकू?

काका : काही नाही रे. हिचं आपलं काहीतरी असतं.

काकू : सकाळी म्हणालात, तो आला की सांगतो. जेवताना म्हणालात, आता जेवून सांगतो. आणि हे काय, ब्लेड? परत कापायला लावताय त्याला?

काका : वाकडी आहे ती.

काकू : कुठं वाकडी आहे? अहो, मला चष्म्याशिवाय दिसतंय! केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवणारा मुलगा हा, त्याला दोरा गुंडाळता येत नाही होय? पहिल्या कड्या बांधल्या त्या दिवशी काय म्हणाला होतात मला? आठवतंय का?

काका : तू आत जा बघू.

काकू : म्हणाला होतात, माझीसुद्धा पहिली काठी एवढी सुबक झाली नव्हती. घरभर मिरवत होतात ती काठी. आणि पुढच्याच रविवारपासून याचं सगळं वाकडं!

घड्याळवाला : मला माहितेय, काकू.

काकू : काय माहितेय?

घड्याळवाला : कडी सरळ आहे ते. सगळ्याच सरळ होत्या.

काका : मग गाढवा, कापत का होतास?

घड्याळवाला : तुम्ही का कापायला लावत होतात?

काका : मी... काठी झाली असती तर तू कशाला आला असतास इथं?

घड्याळवाला : म्हणूनच कापत होतो.

काकू : कमाल आहे बाई तुम्हा दोघांची! एक बांधतोय, एक कापायला लावतोय, आणि दोघांनाही सगळं माहीत. बाळा, ठेव ते ब्लेड खाली. बस. मला तुला वाईट बोलायचं नाही रे. पण हे सांगणार नाहीत, आणि मला आता गप्प बसवत नाही. ढमीला रविवारी ड्यूटी नसते.

घड्याळवाला : नसते?

काकू : कधीच नव्हती. तुझी स्कूटर फाटकाशी असते, म्हणून ती घरी येत नाही. आठवडाभर तिला त्या लांबच्या दवाखान्यात राहायचं, सुट्टी एकच. एकदा आली होती. त्या कोपऱ्यापर्यंत आली, स्कूटर दिसली, आणि वळली. मी खिडकीत उभी होते, हाक मारेपर्यंत गेलीसुद्धा. आईनं काय बघायचं? पोरीची पाठ बघायची?

घड्याळवाला : काकू, खरंच माहीत नव्हतं मला. आईशप्पथ.

काकू : तुला कसं असणार? ह्यांनी सांगितलं तर ना!

काका : काय सांगायला हवं होतं मी? येऊ नकोस म्हणून? माझ्या तोंडून निघालं असतं का ते?

काकू : आणि मला माझी पोरगी दिसत नाही, ते चाललं तुम्हाला?

काका : नाही गं चाललं. दर शनिवारी ठरवतो, उद्या सांगून टाकायचं. पण रविवारी ह्याची स्कूटर वाजली की जीव असा हरखतो, की ठरवलेलं सगळं बारा वाटांनी जातं. मला मुलगा नाही याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. तुझी शपथ. हा यायला लागल्यावर कळलं, काय नव्हतं ते.

घड्याळवाला : काका, असं नका ना बोलू.

काका : मग कसं बोलू? तिचं तुझ्याशी जमलं नाही, मान्य. माझं जमलं होतं ना! मला कुणी विचारलं?

काकू : आज पाचला येतेय ती.

घड्याळवाला : आज?

काकू : हो. आणि... एकटी नाही येत.

घड्याळवाला : बरं.

काकू : मला हे असं अंगावर फेकल्यासारखं सांगायचं नव्हतं रे.

घड्याळवाला : नाही, नाही. बरं झालं सांगितलंत. चांगला आहे का?

काकू : अजून बघितला नाही. फोनवर बोलला, तेवढंच. चांगला वाटला.

घड्याळवाला : माझ्यापेक्षा?

काकू : असं नको विचारू, बाळा. तुझ्यात काही उणं नव्हतं. मी तिला एकदा नाही, दहादा विचारलं. म्हणाली, आई, तो सोन्यासारखा आहे, मला कळतं. पण तो आला की मला आनंद होत नाही गं, नुसतं बरं वाटतं. आता ह्याच्यावर मी काय बोलू?

घड्याळवाला : मलाही हेच म्हणाली. मला वाटलं होतं, नुसतं बरं वाटलं तरी पुष्कळ आहे. बाकीचं होईल हळूहळू.

काकू : मलाही तसंच वाटलं होतं.

घड्याळवाला : काका, बाटल्या कुठायत?

काका : कसल्या बाटल्या?

घड्याळवाला : लेपाच्या.

काका : आज राहू दे. पुढच्या रविवारी—

घड्याळवाला : पुढचा रविवार नाही, काका. तुम्ही ऐकलंत ना काकूंचं?

काकू : मी आत जाते. होईल तेवढं सावकाश करा. पण साडेचारच्या आत... कळलं ना रे?

घड्याळवाला : हो, काकू.

काका : वरच्या फळीवर आहेत. दोन्ही बाटल्यांतलं सारखं सारखं घे. एकीतलं थेंबभर जास्त झालं तर जन्मभर चिकट राहील. हळू ढवळ, बुडबुडे धरतील. हां. आता ब्रश फक्त दोऱ्यावर. काठी ह्या दोन टेकूंवर ठेव, मी इकडनं फिरवतो. एकदा लेप लावायला घेतला की फिरवणं थांबवायचं नाही. थांबलं की एका बाजूला उतरतो आणि पोट सुटल्यासारखा फुगवटा येतो.

घड्याळवाला : किती वेळ फिरवायचं?

काका : धरेपर्यंत. वीज खाणारं यंत्र मिळतं त्यासाठी, पण मी कधी घेतलं नाही. म्हटलं, माणसाला हात कशाला दिलेत? आता फिरवत बसायचं संध्याकाळपर्यंत.

घड्याळवाला : ही चौथी झाली.

काका : छान बसलीय.

घड्याळवाला : वाकडी होती ना?

काका : गप रे. हात काय स्थिर आहे तुझा!

घड्याळवाला : हाताचं काय, तो धंद्याचा आहे. डोळ्यांचं मात्र सांगता येत नाही.

काका : रडायचं तर रड. मी नाही बघत.

घड्याळवाला : नको. एकदा सुरू झालं तर लेप राहून जाईल. ही पाचवी.

काका : ऐक ना. आपण तळ्यावर भेटलो तर? सकाळी. तिथं कुणी येत नाही. तू काठी घेऊन ये, मी माझी जुनी आणतो. फेक कशी करायची, मनगट कुठं सोडायचं, अजून कुठं शिकवलंय मी तुला? घरात नको, मान्य. पण तळं काय कुणाच्या मालकीचं आहे?

घड्याळवाला : नको, काका.

काका : का नको?

घड्याळवाला : तुम्ही घरी जाल, काकू विचारतील कुठं होता. तुम्ही म्हणाल, फिरायला गेलो होतो. परत तेच सुरू. आणि मी काय तिथं मासे धरणार आहे का? तुमच्या तोंडाकडे बघत बसणार. तिचं नाक तुमचंच आहे.

काका : माझं नाक कसलं रे? बटाटा आहे नुसता.

घड्याळवाला : तिला शोभतं.

काका : तेही खरंच.

घड्याळवाला : तुमच्याकडे आलो की वाटतं, ती आतल्या खोलीत आहे. आत्ता येईल, काहीतरी बोलून जाईल. इतके रविवार मी ह्याच्यावर काढले. असं किती दिवस करणार? काकूंचं काय चुकलं? त्यांची मुलगी आहे ती.

काका : तुला राग येत नाही का रे कुणाचा?

घड्याळवाला : कुणाचा करू? राग करण्यासारखं कुणी सापडलं असतं तर बरं झालं असतं. झाल्या सगळ्या. टोकाची पण झाली.

काका : आण तो दिवा जवळ. अरे वा! आरशासारखं झालंय. बघ, बघ कसं चमकतंय. पहिलीच काठी आणि... छे. उगाच कापल्या रे इतक्या वेळा. पहिल्या बांधल्या होत्यास त्याही अशाच होत्या.

घड्याळवाला : मी ब्रश धुतो आणि निघतो.

काका : ब्रश राहू दे. मी धुवेन.

घड्याळवाला : सव्वाचार झालेत, काका.

काका : थांब, फाटकापर्यंत तरी येतो.

घड्याळवाला : उठू नका! फिरवा, फिरवा. आत्ताच म्हणालात ना, थांबायचं नाही म्हणून.

काका : म्हणजे मी तुला बसूनच निरोप देऊ? असं कुणाला घालवतात का?

घड्याळवाला : बसूनच द्या. तेच बरं. तुम्ही फाटकापर्यंत आलात तर माझा पाय निघायचा नाही.

काका : काठी उद्या वाळेल. मी घेऊन येईन दुकानात.

घड्याळवाला : तुम्ही नका आणू. तुम्हाला दारात बघितलं की मीच म्हणेन, काका, ही कडी वाकडी दिसतेय. कुणाच्या तरी हाती पाठवा.

काका : त्या नव्या मुलाला मी काही शिकवणार नाही, सांगून ठेवतो. ह्या बाकावर त्याला बसूसुद्धा देणार नाही.

घड्याळवाला : असं करू नका. ढमीला वाईट वाटेल. शिकवा त्याला. फक्त त्याची खरंच वाकडी झाली, तरच कापायला लावा.

काका : इकडं ये. खाली वाक. दोन्ही हात अडकलेत माझे, नुसतं डोकं टेकव इथं खांद्याला. हां. जा आता. स्कूटर हळू चालव.

घड्याळवाला : येतो.

काका : येतो म्हणू नकोस.

घड्याळवाला : जातो, काका. काकूंना सांगा.

(फाटक लागल्याचा आवाज. स्कूटर सुरू होते आणि लांब जाते.)

काकू : गेला?

काका : गेला.

काकू : मला भेटला नाही.

काका : तुला सांगायला सांगितलंय.

काकू : माझ्यावर रागावलात?

काका : नाही गं. तुझ्या जागी मी असतो तर कधीच हाकलला असता. पोरगी येऊ दे घरी. मी येईन बाहेर, चांगला शर्ट घालीन, हसेन, त्या मुलाला नोकरीचं, पगाराचं, काय विचारायचं ते सगळं विचारीन. तू काळजी करू नकोस. फक्त आत्ता...

काकू : आत्ता काय?

काका : आत्ता मला ह्या कड्या नीट दिसत नाहीयेत.

काकू : थांबवू नका, एका बाजूला उतरेल.

काका : थांबवत नाहीये. दिसत नाहीये मला.

काकू : सरका बघू. द्या ती इकडं, मी फिरवते. त्यांना यायला अजून थोडा वेळ आहे. तुम्ही तेवढ्यात रडून घ्या.