व्हाइन, वाइन आणि आमची रूपाली

नाही उघडणार गं, कितीही बेल दाबलीस तरी. कुलूप आहे बघ, कडीला. इंग्लिशच्या क्लाससाठीच आलीयेस ना? ओळखलं मी. पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्या मुली अशाच पर्स पोटाशी धरून उभ्या राहतात. उज्वला नाहीये आज, सुट्टी दिलीय तिने सगळ्यांना. ये, आत ये — मला काही सांगून गेली नाही ती, पण गाडी आली तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर दिसलं. बस ना. चहा टाकलाच होता मी. नको काय? नको म्हटलेलं आमच्याकडे कोणी ऐकत नाही. आणि आजी नको म्हणूस बाई, काकू म्हण. छायाकाकू. बिल्डिंगमध्ये कोणालाही विचार.

कुठली तू? पिंपळगाव बसवंत? एवढ्या लांबून नाशिक रोडला? बरं बरं, मावशीकडे राहतेस. आणि पॅकहाऊसला आहेस, द्राक्षाच्या. मग बाहेरच्या देशांतले फोन येत असतील. लग्न? नाही अजून? असू दे, सहज विचारलं. मला विचारायची सवयच आहे, आमचे हे म्हणतात, तू प्रेसच्या गेटवर चेकिंगला पाहिजे होतीस, नोटेचा कपटा बाहेर गेला नसता. ह्यांची नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये होती ना, रिटायर झाले आता. आत झोपलेत, हळू बोल. म्हणजे मीच हळू बोलते.

तर उज्वला. चांगली आहे. मी वाईट म्हणत नाही कोणाला. मिस्टर रेल्वेत, भुसावळला असतात, पंधरा दिवसांनी येतात, मूलबाळ नाही, घर कसं चकचकीत. ह्या बिल्डिंगमध्ये आली तेव्हा पाणी किती वाजता येतं ते मी सांगितलं तिला. दूधवाला मी लावून दिला. हळदीकुंकवाला हाताला धरून चार घरी मी फिरवली. तेव्हा छायाताई, छायाताई — दिवसातून दहादा कडी वाजायची माझी. आता कोण छायाताई! आता ‘मॅम’ झाली ती. शिकवते चांगली म्हणतात. मला काय कळतंय त्यातलं, मी दहावी नापास. आमचा मखमलाबादचा मळा, भाजीच्या जुड्या बांधता बांधता शाळा सुटली ती सुटलीच. पण हा जो सोफा आहे ना, ज्याच्यावर तू बसलीयेस, त्याच्यामागची भिंत तिच्या हॉलची. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. संध्याकाळी मी इथे भाजी निवडत बसते आणि पलीकडे सगळ्याजणी आरती म्हटल्यासारख्या — व्हाइन, वाइन, व्हाइन, वाइन. एकदा आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या चुकून.

हसतेस काय, खरंच. आणि हे सगळं सुरू झालं ते आमच्या सुनेमुळे. रूपाली, आमच्या हर्षलची बायको. दिंडोरीकडची आहे ती, माहेरी द्राक्षबाग. तिकडेच एका वायनरीत लागली नोकरीला, ग्लास मांडायचे, बिलं करायची. एकदा कोणी परदेशी पाहुणे आले, गोरेगोरे, म्हातारं जोडपं, तर ही मोठ्या प्रेमाने सांगायला गेली, माझ्या वडिलांकडे दोन एकर वेल आहेत. आता वेलाला इंग्लिशमध्ये व्हाइन म्हणतात. पण आपल्या तोंडी व आला की एकच व! तर ही म्हणाली, माय फादर हॅज टू एकर वाइन. दोन एकर दारू! तो म्हातारा म्हणाला म्हणे, मग आम्ही तुमच्या वडिलांकडेच उतरतो. सगळे हसले. मॅनेजर पण हसला. घरी आली तर डोळे सुजलेले, जेवली नाही. मी म्हटलं, अगं हसतील नाही तर काय, हसले म्हणजे खूश झाले. मला काय माहीत तिला काय लागलं ते. मी तिच्या आवडीचं पिठलं केलं, तर म्हणे भूक नाही. आणि दुसऱ्या दिवशी उज्वलाने जिन्यात नुसतं विचारलं, काय झालं गं — तर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. जिन्यात! मी वर उभी, हातात कचऱ्याची बादली.

तेव्हापासून रोज तिकडे. कामावरून आली की पर्स इथे, बाई तिकडे. आणि उज्वलाची युक्ती माहितीये का? लिपस्टिक लावते मुलींना. खोटं नाही सांगत. गडद लाल लिपस्टिक लावायची आणि आरशासमोर उभं राहायचं. व्हाइन म्हटलं की वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत — म्हणजे दाताला लाल लागायला पाहिजे. नाही लागलं तर चुकलं. आणि वाइनला दाताचा काही संबंध नाही, नुसता ओठांचा चंबू. चंबू करायचा आणि सोडायचा. आपण काय करतो, मराठीत व्ह लिहितो ना, व्हॅनचा व्ह, मग फुंकर मारतो, व्‌हॅन. फुंकर नको. नुसता दात. आणि व्हॉट्सअॅप, ते सगळे व्ह घालून लिहितात, पण ते डब्ल्यूचं आहे हो! तिथे चंबू. म्हण बघू तू, व्हेरी वेल. नाही, नाही. पहिल्याला दात, दुसऱ्याला चंबू. व्हेरी. वेल. परत. हां, आता जमलं. पण तू मान हलवतेस गं म्हणताना, मान हलवायची नसते.

मला? मला कुठून येणार! ऐकून ऐकून. पोपट नाही का बोलत.

काय बघतेस? माझ्या दाताला काय आहे? पान खाल्लं असेल. हो, सकाळीच. खाते मी कधीमधी. थांब, पुसते पदराने. अगं बाई, पदर कशाला, चांगली साडी आहे ही, येवल्याहून आणलेली, हर्षलच्या लग्नातली. नाही, कुठे जायचं नाहीये. घरात नेसू नये का माणसाने? कपाटात ठेवून ठेवून कसर लागते.

बिस्कीट घे ना. घे गं.

तर आज रूपालीची पहिली फेरी आहे. म्हणजे पाहुण्यांना वायनरी फिरवून दाखवायची, सगळं इंग्लिशमध्ये, तिने एकटीने. बागेतून सुरुवात, मग ते मोठमोठे पिंप, मग चव बघायला देतात तिथपर्यंत. आज जमलं तर ग्लास मांडणं बंद, गाइड म्हणून पक्की. महिनाभर पाठ करत होती. मोरीत आंघोळ करताना सुद्धा इंग्लिश. आणि मॅनेजरने सांगितलेलं, पहिल्या दिवशी घरचं एक माणूस आणायचं, म्हणजे धीर येतो. घरचं. घरचं म्हणजे कोण? तू सांग. हर्षलची सिन्नरला फर्स्ट शिफ्ट, आमच्या ह्यांना गाडी लागते. मग राहिलं कोण? आणि वायनरीच्या गाडीत कोण बसलं? उज्वला बसली! खिडकीकडेला. गजरा माळून. रूपालीने स्वतःच्या हाताने तिच्या केसात तो गजरा घातला, मी गॅलरीतून बघितलं, क्लिप तोंडात धरून घातला. माझ्या डोक्याला कधी हात लावला नाही तिने. म्हणजे मीच लावू देत नाही, माझे केस गळतात, पण तरी.

नाही, तसं नाही, विचारलं होतं मला. खोटं कशाला बोलू. रविवारी विचारलं, भांडी लावता लावता, आई, तुम्ही येता का? मी म्हटलं, मी कशाला येऊ गं त्या दारूच्या कारखान्यात! झालं. आता तूच सांग, पहिल्यांदा विचारल्यावर हो कोण म्हणतं? तू म्हणालीस का आत्ता चहाला? नको नको म्हणालीस, आणि दोन कप प्यायलीस. तशीच रीत आहे आपली. पहिलं नाही ते नुसतं तोंडदेखलं असतं. मग समोरच्याने म्हणायचं, असं काय करता, चला ना, तुमच्याशिवाय कसं. मग आपण म्हणायचं, अगं गुडघे दुखतात. मग त्याने म्हणायचं, गाडी आहे ना. मग आपण म्हणायचं, बरं, तू म्हणतेस तर. एवढं सगळं असतं त्यात! माझ्या सासूबाईंना तर पाचदा विनवावं लागायचं, लग्नाच्या मांडवात सुद्धा. आणि ही काय म्हणाली? ओके आई. आणि पेले लावायला लागली.

कुठून आलं हे? भिंतीपलीकडून आलं. मी ऐकलंय माझ्या कानांनी, उज्वला सांगत होती मुलींना, की ते लोक एकदा नो म्हणाले की नो, मग पुन्हा आग्रह नाही करायचा, त्यांना ते आवडत नाही. अगं पण ते गोऱ्यांना! सासूला नाही! सासू काय अमेरिकेची आहे?

मला वाटलं सोमवारी विचारेल. मंगळवारी विचारेल. मी साडीला इस्त्री करून आणली, ती पलंगावर तिच्या नजरेसमोर ठेवली. ती म्हणाली, आई, छान रंग आहे. एवढंच. आज सकाळी तर मी नेसूनच बसले होते सहापासून. पाया पडायला आली, म्हणाली, आई, आशीर्वाद द्या. मी म्हटलं, व्हेरी वेल. मला म्हणायचं होतं, वेगळंच म्हणायचं होतं काहीतरी, ते तोंडातून निघून गेलं. चांगलं म्हटलं मी, दात लावून, चंबू करून. पण ती घाईत होती. खाली हॉर्न वाजला. उज्वला म्हणाली, कम, कम. गेल्या.

आणि मी काय वाईट बोलले असते का तिथे? गप्प बसले असते एका कोपऱ्यात. त्या वेलांमधलं सगळं कळतं मला, मळ्यातली आहे मी. उज्वलाला तर वेलाची जुनी काडी आणि नवा कोंब यातला फरक कळत नाही. पण तिला व आणि व्ह यातला फरक कळतो ना. तिचंच खरं.

थांब, फोन. रूपालीचा. थांब हं, हलू नकोस, इथेच बस —

हां, बोल गं. हो, मोकळीच आहे. झालं? सगळं नीट? कुठे अडकली नाहीस ना? टाळ्या? सगळ्यांनी? अगं बाई, अगं माझी बाय ती! दृष्ट काढते आल्यावर. आणि व्हाइन? जमलं? हसलं नाही ना कोणी? काय? कोण रडलं? उज्वला? तिला काय झालं रडायला, तिची का सून आहे! नाही, काही नाही, टीव्ही चालू आहे. हां. आत्ता? जेवायला, तिथेच? सगळ्यांच्या घरचे येतायत? गाडी पाठवतेस म्हणजे... छे गं, मी कुठे येते आता. ह्यांचं जेवण व्हायचंय, गवार निवडायचीय, आणि पाहुणी बसलीय घरात. नाही, तुम्ही घ्या जेवून...

अं?

हां. बरं. ठेव.

ओके आई, म्हणाली.

काय? परत लावू? मी? मी लावायचा आणि काय म्हणायचं, मला न्या म्हणून? भरल्या घरची बाई मी. नाही हं. तेवढं नाही माझ्याच्याने होणार.

आता तिथे बाजूच्या खुर्चीत कोण बसेल, माहितीये ना तुला.

ऊठ तू. जा आता, मावशी वाट बघत असेल. उद्या ये क्लासला, पाच वाजता असते ती. मी काही बोलले म्हणून सांगू नकोस. चांगली शिकवते, शीक. कप राहू दे, मी घेते.

जाताना दार ओढून घे. नाही, नको. राहू दे उघडं. जा तू.