फोटोत मी हसले कुणाला

...आणि माणसाचं तोंड किती मोठं असावं, सांगा ना? बसएवढं? नाक्यावरून वळलात की आधी बोर्डावरचे माझे उरलेसुरले दात दिसतात, मग पेट्रोल पंप. लोक तेल भरता भरता वर बघतात आणि दचकतात. पण मला कुणी विचारलं?

तुम्हाला सांगते, तो पंप परदेशातल्या तेल कंपनीचा. माझा थोरला तिथं गाड्यांत तेल भरतो, आणि धाकटा त्या पक्षात, जो म्हणतो परक्या कंपनीला हाकला. म्हणजे एकाची नोकरी टिकायची तर दुसऱ्याचा मोर्चा फसायला हवा. राहतात एकाच खोलीत, पण बोलणं बंद. थोरला जेवून उठला की मग धाकटा येणार. "आई, त्याला सांग, टॉवेल माझा आहे." "आई, त्याला म्हणावं, कंपनीकडून घे नवा." अरे, मी काय टेलिफोनची तार आहे? भाजी दोनदा गरम करायची, दोनदा वाढायची, दोनदा तीच तोंडं बघायची... एवढंच मागणं होतं हो माझं, डोळे मिटायच्या आत दोघांनी एकदा शेजारी बसून जेवावं.

मोर्चे वाढले तशी कंपनी घाबरली. वरून हुकूम आला म्हणे, जाहिरातीत इथला कुणीतरी चेहरा दाखवा. मी नेमकी थोरल्याचा डबा घेऊन गेलेली. कॅमेरावाला म्हणतो, "आजी, जरा हसा ना." कशाला हसू? गुडघा ठणकतोय. तो आपला मागे मागे सरकत गेला, सांडलेल्या तेलावरून पाय सटकला आणि बदकन बसला. बसता बसता त्याच्याकडून बटण दाबलं गेलं, तोच हा फोटो. लागला बोर्ड. माझं हसू, आणि खाली लिहिलेलं, 'आमचा विश्वास, आमची कंपनी'. वाचता येतं मला, जोडाक्षराशी जरा थांबते एवढंच... कसला विश्वास? मी त्याच्या बुडाला हसत होते. पण मला कुणी विचारलं?

पक्षाचे पुढारी खवळले. "काळं फासा त्या बोर्डाला." आणि फासायला पाठवलं कुणाला, तर धाकट्याला. चढला शिडीवर, हातात रंगाचा डबा. खाली थोरला नळी धरून, मी जेवणाचा डबा धरून, अख्खा नाका माना वर करून. धाकटा माझ्या हनुवटीपाशी पोचला आणि अडला. मी खालून म्हटलं, "लाव रे, लाव. नाकात नको फक्त, शिंका येतात मला." कान लाल झाले पोराचे. उतरला तसाच.

पण पुढारी हुशार हो. म्हणाले, "राहू दे. म्हातारी हसतेय ना? मग कंपनीलाच हसतेय." झालं, रस्त्याच्या पलीकडे दुसरा बोर्ड. फोटो तोच, खाली 'जनता हसते परक्या कंपनीला'. आता इकडे मी, तिकडे मी, आणि मधे सिग्नलला डबा घेऊन उभी तीही मीच. कुणी विचारलं मला?

मग आली टीव्हीवाली पोरगी, माईक जवळजवळ घशातच घातला. "आजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" घ्या, विचारलं एकदाचं कुणीतरी. म्हटलं, बाळ, कंपनीनं थर्मास दिला, तो गळतो. पक्षानं टोपी दिली, ती डोळ्यांवर येते. थोरला सांगतो, मॅनेजर पाणी प्यायलासुद्धा सोडत नाही. धाकटा सांगतो, पुढारी पहिल्या चौकापर्यंत चालतात, मग गाडीत बसतात. आणि मी हसले ते माणूस पडला म्हणून... मुद्दाम बोललात का, असं मात्र विचारू नका.

संध्याकाळी मॅनेजरनं थोरल्याला झापलं, पुढाऱ्यांनी धाकट्याला. दोघं एकदमच दारात. थोरला म्हणाला, "तुला पण?" धाकटा म्हणाला, "आपल्याला बुडवायला बाहेरचं कुणी कशाला हवंय, ही घरात आहे ना." आणि बसले की हो शेजारी शेजारी. भाजी एकदाच गरम केली मी, एकदाच वाढली. अर्ध्या जेवणात दोघांचं एकमतही झालं. "आई, आजपासून तू बाहेर कुणाशी अक्षर बोलायचं नाहीस."

म्हटलं, बरं बाबांनो. तेव्हापासून ही अशी तोंड शिवून बसलेय... बघताच आहात तुम्ही.