दोन मिनिटं चालू ठेवायचं

—न्हाई, पट्ट्यावरचा सुपरचार्जर न्हाई जमायचा तुझ्या गाडीला, बद्री, ते मोबाईलवर काय बी दाखवतेत. बस त्या टायरवर, उनातनं आलास. आता ऐक. टर्बो काय आन् सुपरचार्जर काय, दोघांचं काम एकच — इंजिनाच्या नरड्यात जास्तीची हवा कोंबायची. जास्ती हवा, जास्ती डिझेल, जास्ती वढ. मंग फरक कशाचा? फरक खाण्याचा. सुपरचार्जर इंजिनाच्या ताटातली भाकर खातो — पट्टा लावलेला असतो, इंजिन फिरलं की ह्यो फिरला, पाय दाबला की लगेच वढ, पर सोताचा वाटा आधी काढून घेतो. आन् टर्बो उष्ट्यावर जगतो. सायलेन्सरातनं जो गरम धूर वाया जातो त्याच्यावर फिरतो. गरीब वाटतो का न्हाई? लोक त्यालाच भुलतेत. पर मिनिटाला लाखभर येढे घेतो तो, चढावर लाल इंगळ व्हतो. आन् त्याला एकच गोष्ट लागती — तेल. इंजिनातलंच तेल, बोटाएवढ्या नळीतनं. इंजिन बंद केलं की तेल बंद, आन् टर्बो तर तापलेलाच. मंग आतलं तेल करपतं, कढईच्या बुडाला लागतं तसं. म्हणून वझं घेऊन चढ चढून आलं की गाडी जाग्यावर दोन मिनिटं चालू ठेवायची. तेवढंच मागतो तो, दुसरं काय मागत न्हाई.

तू वडवणी-बीड शिटा मारतोस ना? मंग हाय ती वढ बास हाय की. सुपरचार्जर घेशील तर त्याचा पट्टा तुटल्यावर बीडात मिळायचा न्हाई, पुण्याला माणूस धाडावा लागंल. तुझ्या जुन्या गाडीला दोन्ही नगंत. फिल्टर झाड, नोझल साफ करून घे, जा. — बसलासच का? बस, बस. चहा सांगू? न्हाई? बरं. टर्बो बसवता येतो, येत न्हाई असं न्हाई. कारखान्याच्या वर्कशॉपात अख्खी उमर गेली माझी, उसाच्या ट्रकांना सगळ्यांना टर्बोच व्हते. तुझ्या बापाच्या गाडीला बी व्हता. वळखलं म्हणजे काय — तू उतरलास तव्हाच वळखलं. दार लावायची रीत तीच, हळू, दोन बोटांनी. उत्तरेश्वर तसंच लावायचा. बाकीचे डायवर दार आपटायचे, खिळखिळी करायचे पार. कसा हाय आता? … अजून उसाला जातो? कर्नाटकात? ह्या वयात कोयता झेपतो व्हय त्याला? ज्यानं जिंदगीभर ऊस वाहिला त्यानं आता ऊस तोडावा — बरं, न्हाई इचारत.

त्याची चूक झाली, बद्री. मी तुझ्या तोंडावर बोलतो, राग मानू नगस. डायवर लई चांगला, पर चूक झाली. दुष्काळाचं साल व्हतं, तू शाळंत असशील. शिवारात ऊसच न्हवता, कारखान्याच्या चिमणीला दोन साल धूर न्हाई. मंग चेअरमनसाहेबांनी उसाच्या बारा ट्रकांवर पाण्याच्या टाक्या चढवल्या, वाड्या-वस्त्यांना पाणी. माजलगावच्या धरणावर भरायचं, डोंगरातल्या वाड्यांवर न्यायचं, हिरीत सोडायचं, परत माघारी. दिवसाला सहा-सहा खेपा. चढ चढून यायचं आन् आल्या आल्या किल्ली फिरवायची — खट्. बंद. टर्बो कसा टिकंल? मीच सांगायचो त्याला, उत्तरेश्वर, दोन मिनिटं. तो काय म्हणायचा? काय म्हणणार — काचेकडं बोट दाखवायचा.

काचेकडं म्हणजे… काचेखाली लिहिलेलं असायचं. 'गाडी थांबली की इंजिन बंद.' लाल रंगात. साहेब एक दिवस धरणावर आलते, बघतेत तर सात गाड्या लायनीत आन् सात बी चालू. म्हणले, लोकास्नी प्यायाला पाणी न्हाई आन् तुमी उभ्या उभ्या डिझेल जाळता? झालं, हुकूम निघाला. चालू दिसली की डायवरची खेप बंद, चार दिवस घरी. मंग कोण ठेवतंय चालू? आता साहेबांना काय माहीत टर्बो काय असतो. माणूस वाईट न्हवता, शिकलेला न्हवता त्यातला. ज्यानं लिहिलं त्याला माहीत पाह्यजे — कुणी लिहिलं म्हणजे? वर्कशॉपातल्याच माणसानं लिहिलं. अक्षर चांगलं व्हतं म्हणून त्याला सांगितलं. … व्हय, माझंच अक्षर. त्या शटरवर हाय तेच.

आन् बोललो न्हाई असं न्हाई हां. गेलतो मी केबिनात. म्हणलं साहेब, ह्या टर्बोच्या गाड्या हायत, दोन मिनिटं चालू ठेवू द्या, न्हाईतर फुटतील. साहेब कागदावर सही करत व्हते, वर बघितलं बी न्हाई. म्हणले, मिस्त्री, तुमी कायम का हंगामी? एवढंच. दुसरं काय न्हाई. मी अकरा साल हंगामी व्हतो, बद्री. अकरा साल गाळप संपलं की घरी आन् बॉयलर पेटला की परत. म्हणलं, हंगामी, साहेब. भाईर आलो आन् राहिलेल्या पाच गाड्यांवर लिहून टाकलं. पुढच्या महिन्यात कायमची ऑर्डर आली. लोकांनी पेढे खाल्ले माझे. तुझ्या बापानं बी खाल्ला, दोन खाल्ले.

तो दिवस तुला कुणी नीट सांगितला का? सांगतो. ऐकून जा, आलाच हायस तर. त्या वाडीवर गाडी हिरीवर मागं घेतलेली, पाणी सुटलेलं, बायका-पोरं सगळी मागं घागरी घेऊन. खेप पुरी व्हईस्तवर इंजिन बंद, हुकमाप्रमाणं. मंग निघायला म्हणून त्यानं चालू केलं आन् टर्बोचं सील गेलं. सील गेलं म्हणजे इंजिन सोताचंच तेल प्यायला लागलं. डिझेलची गरजच न्हाई मंग त्याला. निळा धूर, आन् असा आवाज की बैलं दावी तोडतेत. किल्ली काढली तरी बंद व्हत न्हाई ते. लोक काय करतेत अशा टायमाला? पळतेत. तुझा बाप पळाला न्हाई. टॉप गेर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आन् क्लच सोडला — इंजिन दाबून मारायचं. बरोबर केलं त्यानं. मीच शिकिवलं व्हतं, ह्याच हातानं, वर्कशॉपाच्या अंगणात. न्हाईतर इंजिन फुटून बायकांत लोखंड उडालं असतं. इंजिन मेलं बी. फक्त मरताना गाडीनं म्होरं हिसका दिला. दोन हात, जास्त न्हाई. आन् केसरबाई नावाची म्हातारी, मागं गर्दी लई म्हणून, गाडीच्या सावलीला म्होरं येऊन बसली व्हती. बसलेली, म्हणून त्याला काचेतनं दिसली न्हाई.

मंग कोर्टात सरकारी वकील इचारायचा, गर्दीत गाडी गेरमधी टाकली कावून? उत्तरेश्वरनं सांगितलं, मिस्त्रीनं शिकिवलंय. आन् टर्बो कावून गेला? म्हणला, इंजिन लगेच बंद करायचा हुकूम व्हता, काचेखाली लिहिलेलं हाय, बघा जाऊन. पोलिसांनी तव्हाच बघितलं व्हतं की, पंचनाम्यात. काय बी लिहिलेलं न्हवतं. बाराच्या बारा गाड्या साफ. म्हातारी गेली त्याच दिवशी साहेबांचा फोन आलता मला. शब्द बी मोजके — मिस्त्री, काचा स्वच्छ करून घ्या. पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी, मी सकाळी सातलाच बसलो, रॉकेल आन् फडकं घेऊन. लाल रंग निघता निघत न्हाई, लई घासावं लागलं, नखात राहिला माझ्या चार दिवस. उत्तरेश्वरची गाडी शेवटी घेतली. आन् कोर्टात मला उभं केलं तर म्हणलं — म्हणलं, मी डायवरला दोन मिनिटं चालू ठेवायला सांगायचो, तो ऐकायचा न्हाई. ते खोटं न्हवतं, बद्री. सांगायचो की मी. एक शब्द खोटा न्हवता त्यातला. त्याच्यावर शिक्षा लागली त्याला, लायसन गेलं. तो पिंजऱ्यातनं माझ्याकडं बघत राहिला, शिवी बी दिली न्हाई. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्या बापाची चूक न्हवती. हां, म्हणलं मी मघाशी. चुकीचं म्हणलं. त्याची न्हवती.

काय काढलास ते? … कागद कशाचा? वकिलानं दिलाय? अपिलात लावायचा? म्हणजे तू टर्बोसाठी आलाच न्हवतास म्हण की. — वाचून नगस दाखवू, मला वाचता येतं. 'मी धोंडीराम, तत्कालीन मिस्त्री'… लई चांगलं लिहिलंय, सगळं खरं हाय. सहीला जागा बी सोडली.

बद्री, माझा म्हाळू हाय ना, तो लागलाय आता कारखान्यात. वजनकाट्यावर. साहेब गेले, त्यांचा लेक हाय आता खुर्चीवर. म्हाळू हंगामीच हाय अजून, सात साल झाले. ह्या दिवाळीला कायम करतो म्हणलेत त्याला. … असं बघू नगस माझ्याकडं. तुझा बाप बी असंच बघायचा.

उचल तो कागद, तेलाचा हात लागंल त्याला. बोललो ते बोललो, लिहून न्हाई देणार. कुणी इचारलं तर मी बोललो बी न्हाई. आन् टर्बो मी बसवत न्हाई, कुणाचाच न्हाई, बीडात जा. चल, ऊठ, गाडी सावलीतनं काढ, मला शटर वढायचंय. — उत्तरेश्वरला सांग… न्हाई. काय बी सांगू नगस. इथं आलतास ते बी सांगू नगस. जा.