केबलच्या खोलीत मोठ्याने बोला

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सर्वांचे साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या ताई, पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसलेले त्यांचे यजमान म्हणजे आमचे भावोजी, केबल स्टेशनातला सारा कर्मचारीवर्ग, आणि कार्यक्रमानंतर चहा आहे हे कळल्यावर मागच्या रांगांत स्थिरावलेले माझे बंधू आणि भगिनी,

मी काही वक्ता नव्हे. फ्रिज दुरुस्त करता करता एसीत शिरलो, एसी दुरुस्त करता करता तुमच्या स्टेशनात शिरलो. आज माझ्या हाताखाली बऱ्यापैकी माणसं आहेत, ती एवढ्याच भांडवलावर, की मला ऐकू चांगलं येतं. कॉम्प्रेसर नुसता खोकला तरी मी त्याचं दुखणं सांगतो. बायको म्हणते, "मशीनचं ऐकता, माझं ऐकत नाही." तेही मला ऐकू येतं.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. आजचे अध्यक्ष कोण हे ठरलं, तेव्हा ताईंचा मला फोन आला. "तो माणूस येणार असेल तर माझा निरोप तुम्ही घरी पोस्टाने पाठवा." साहेब, शब्द त्यांचेच आहेत, मी फक्त पोचवतो आहे. मी म्हटलं, "ताई, माझ्यासाठी या." म्हणाल्या, "तुमच्यासाठी येईन. त्याच्याशी बोलणार नाही." आणि दिलेला शब्द पाळायची सवय असल्यामुळे मघापासून त्या साहेबांच्या बाजूला मान वळवायला तयार नाहीत. हे असं का, ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्यांना मी सांगणार आहे. आणि माहीत असलेल्यांनाही थोडं माहीत नसलेलं सांगायचं आहे. त्यासाठीच तर मी आज माइक मागून घेतला. एरवी मला कोण देतो?

आपलं स्टेशन तुम्ही सगळ्यांनी बाहेरून पाहिलं आहे. खिडकी नाही, पाटी नाही. किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं आत डोकावून विचारतात, "कपडे बदलायची सोय इथेच का?" समुद्राच्या तळाशी लोळत लोळत आलेली केबल गाडीतळाखालच्या चेंबरमध्ये पहिल्यांदा डोकं वर काढते. चेंबरवर लोखंडी झाकण, झाकणाला टेकून आइस्क्रीमची गाडी. गाडीवाल्याला कित्येक वर्षं वाटायचं, खाली गटार आहे. आम्ही त्याला तसंच वाटू दिलं.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा ताईंना विचारलं, "एवढ्या जाडजूड केबलमधून जातं तरी काय?"

"जाड आहे ते कवच. आत केसासारखे काचेचे तंतू. त्यातून उजेड जातो."

"उजेड? मग बोलणं कुठून जातं?"

"बोलणं, निरोप, फोटो, भांडणं, लग्नाची बोलणी, सगळं उजेड होऊनच जातं."

माझी मेहुणी परदेशात असते. आमच्या घरातून तिला रोज फोन जातो आणि त्यात एकच विषय असतो, तो म्हणजे मी. त्या दिवसापासून त्या केबलकडे मी जरा अदबीनेच बघायला लागलो.

आता स्टेशनातली रीत सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. केबलच्या खोलीत एकट्याने जायचं नाही, आणि तिथे कशालाही हात लावण्याआधी काय करणार ते मोठ्याने सांगायचं. बरोबरच्याने तेच पुन्हा म्हणायचं आणि "ऐकलं" म्हणायचं. मगच हात पुढे. ही स्टेशनच्या प्रमुख म्हणून ताईंनी घातलेली शिस्त. इंजिनिअर असो, झाडूवाल्या मावशी असोत, सुटका नाही. मी पहिल्या दिवशी पाना काढला तर ताई म्हणाल्या, "बोला."

"काय बोलू?"

"जे करणार आहात ते."

"एसीची जाळी काढतोय."

"कोणत्या एसीची?"

"दाराजवळच्या."

"दाराजवळच्या एसीची जाळी काढतायत. ऐकलं. काढा."

मला वाटलं, बाई भलत्याच आहेत. पण सवय अशी अंगात भिनली की घरी गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "मी आता पंखा बंद करतोय." ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

ताईंचं म्हणणं साधं होतं. जे काम मोठ्याने सांगता येतं ते करायला हरकत नाही. चुकून भलती तार निघत नाही, आणि मुद्दाम तर निघतच नाही.

तर मंडळी, एके वर्षी मुख्य कार्यालयाने केबलच्या खोलीला लागून एक नवी खोली बांधली. अडगळीची खोली म्हणून. एसी बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आकडा ऐकला तर एखादं नाट्यगृह गार होईल एवढ्या ताकदीचा एसी मागितला होता. मी फोनवरच्या माणसाला विचारलं, "आत काय ठेवणार?" म्हणाला, "झाडू, मोडक्या खुर्च्या." मी म्हटलं, "झाडूला एवढा उकाडा होतो?" त्याने फोन ठेवला.

मी हा किस्सा हसत हसत ताईंना सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भिंतीला भोक पाडलंय का?"

"पाडलंय ना. तुमच्या केबलच्या कपाटांच्या बाजूला, छतालगत."

ताई खाली बसल्या. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. भर समुद्रात या केबलला कोणाला सहज हात लावता येत नाही. शहरात गेली की तिला इतके फाटे फुटतात की कोण कुठे गेलं पत्ता लागत नाही. फक्त इथे, किनाऱ्यावर, या एका खोलीत सगळ्यांचं सगळं एकत्र हाताशी येतं. काचेचा एक छोटा तुकडा मध्ये बसवला की उजेडाचे दोन वाटे होतात. एक जायचा तिथे जातो. दुसरा भिंतीच्या भोकातून शेजारच्या खोलीत. तिथे त्याची नक्कल ठेवणारी मशीनं. मशीनं तापतात, म्हणून झाडूला उकाडा. आणि बोलणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. आवाज कमी नाही, खरखर नाही.

मी विचारलं, "पण ताई, चोरबीर पकडायला लागत असेल."

"चोराचं ऐकायचं तर न्यायालयात जा, त्याचं नाव सांगा, परवानगी आणा. मी स्वतः दार उघडून देईन, याआधी दिलंही आहे. इथे नाव कुणाचंच नाही. म्हणजे सगळ्यांचंच आहे."

"माझ्या मेहुणीचंही?"

"तिचं आधी. ती जास्त बोलते."

आणि मग एके दिवशी दोन पाहुणे आले. चांगले इस्त्रीचे कपडे, हातात एक पेटी. त्यांना घेऊन कोण आलं होतं हे मी सांगायला नको, तुम्ही सगळे आत्ता एकाच दिशेला बघताय. हो, आपले अध्यक्ष, तेव्हाचे ताईंचे वरिष्ठ. मी शेजारच्या खोलीत शिडीवर होतो, दार सताड उघडं, आणि माझे कान मी घरी ठेवून येत नाही.

पाहुण्यांनी पेटी उघडली. ताई म्हणाल्या, "बोला."

"काय?"

"काय करणार आहात ते मोठ्याने सांगा. साहेब ते पुन्हा म्हणतील आणि ऐकलं म्हणतील. इथली रीत आहे."

पाहुणा हसला. "देखभाल."

"कशाची?"

"नेहमीची."

"नेहमीची आम्ही करतो. तुम्ही कोणता तंतू सोडवणार, त्यात काय बसवणार आणि ते कुठे जोडणार, एवढं सांगा. सोपं आहे. आमच्या मावशीसुद्धा सांगतात."

आता बघा हं. त्यांच्याकडे पेटी होती, अधिकार होता, पाठीशी कोणीतरी मोठं होतं. फक्त ते एक वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर येईना. चार माणसांसमोर म्हणायचं काय? की मी आता सगळ्यांच्या बोलण्याची नक्कल करायचा तुकडा बसवतोय? पाहुणे साहेबांकडे बघतायत, साहेब छताकडे बघतायत, आणि छतालगत ते भोक.

शेवटी एकजण म्हणाला, "ते सांगता येणार नाही."

"मग हातही लावता येणार नाही," ताई म्हणाल्या. आणि साहेबांकडे वळल्या. "साहेब, माझी मुलगी रोज सकाळी यातूनच मला सांगते, की आज बाळाने पोटात पाय मारला. तेवढं आम्हा मायलेकींचं आमच्यात राहू द्या."

साहेबांनी छताकडची नजर खाली आणली. मग म्हणाले, "ताई, याचे परिणाम होतील." आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेले.

परिणाम झाले. मुख्य कार्यालयातली मोठी जागा त्या वर्षी ताईंना मिळणार हे ठरल्यासारखं होतं. भावोजींनी तर तिकडे भाड्याची घरंही बघून ठेवली होती. ती जागा दुसऱ्याला गेली. साहेबही दिसेनासे झाले. सगळे धरून चालले, की यांनीच ताईंची वाट अडवली आणि स्वतः वर चढले. ताईंनीही तेच धरलं. आजपर्यंत.

ती खोली मात्र आपल्याला लाभली. पेटीवाले परत आले नाहीत, ताईंनी भोक बुजवून घेतलं, आणि तिथे सगळे डबे खायला बसू लागले. एसी एवढा जबरदस्त, की भर उन्हाळ्यात आपली माणसं स्वेटर घालून जेवतात. वरण ताटात पडेपर्यंत गार.

आता माहीत नसलेलं.

त्यानंतर काही महिन्यांनी खात्याच्या गोदामातून मला बोलावणं आलं, तिथल्या कचेरीत एसी बसत असेल तर बघून जा म्हणून. समुद्रापासून लांब, रस्ता संपतो तिथे ते गोदाम. जुने खांब, केबलचे रिकामे लाकडी ड्रम, आणि गवत. आत गेलो तर एका टेबलामागे कोण? आपले साहेब. वर चढलेले साहेब. डोक्यावर एक पंखा, तोही विचार करून फिरणारा.

साहेब फोनवर बोलत होते. मी दारात थांबलो. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मी ताईंकडूनच शिकलो होतो. पण साहेबांचा आवाज चढला होता आणि माझ्या कानांना झाकणं नाहीत. साहेब म्हणत होते, "किती वेळा विचाराल? त्या बाईंचा काही संबंध नाही. मोठ्याने बोलायचा नियम माझा आहे, मी घालून दिला, त्यांनी पाळला. अडवलं ते मी. ज्याला जाब विचारायचा त्याने मला विचारावा. आणखी कुठे पाठवणार आहात? याच्या पुढे रस्ता नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला बघितलं.

"किती ऐकलंत?"

"सगळं, साहेब."

"त्या दिवशी स्टेशनात जाईपर्यंत मलाही ती अडगळीचीच खोली वाटत होती," ते म्हणाले. "ते दोघं बोलेनात, तेव्हा कळलं."

मी म्हटलं, "हे मी ताईंना आजच सांगतो."

"अजिबात नाही. त्या बाई सरळ उठून मुख्य कार्यालयात जातील आणि म्हणतील, नियम माझा आहे, शिक्षा मला द्या. मग तिथे कोणीतरी सोयीचा माणूस बसवतील, आणि तुमच्या त्या एसीखाली खरंच मशीनं येतील. ताई तिथेच राहायला हव्यात. मला शिव्या देत राहिल्या तरी चालेल."

मी शब्द दिला. साहेबांनी गोदामात किती उन्हाळे काढले ते मी मोजलेलं नाही. तिथे एसी काही मंजूर झाला नाही एवढं मात्र मला माहीत आहे. आणि ताई तुम्हाला दर वर्षी म्हणायच्या, "एवढं सगळं करून मला इथून हलवलं कसं नाही, याचंच आश्चर्य वाटतं." मी तुमच्या एसीत डोकं घालून गप्प बसायचो.

पण आज ताई निवृत्त झाल्या. आता त्यांची बदली कोणी करू शकत नाही. जाब विचारला तरी त्या घरी भावोजींना विचारायला सांगतील. म्हणून मला वाटलं, आज बोलावं. सगळ्यांच्या मनातल्या गोष्टी जपणाऱ्या ताईंनी स्टेशनातून जाताना स्वतःच्या मनात मात्र एक चुकीची गोष्ट घेऊन जावं, हे काही बरं नव्हे. आणि त्या केबलमधून मुलीची, नातवाची, माझ्या मेहुणीची जी काही गडबड अजून सुखरूप येते जाते, ती एका माणसाने नव्हे, दोघांनी सांभाळली, हे दोघांनाही एकमेकांसमोर कळायला हवं होतं.

ताई उठल्या आहेत. भावोजी, तुम्ही बसा, त्या तुमच्याकडे येत नाहीत.

तेव्हा आता मी आटोपतो. संयोजकांचे आभार, ज्यांनी मला पाच मिनिटं दिली आणि घड्याळाकडे बघितलं नाही. तुम्हा सगळ्यांचे आभार, चहा बाहेर उकळत असताना तुम्ही इथे थांबलात. बोलण्यात कुठे पाय घसरला असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर एका मेकॅनिकचं बोलणं म्हणून पोटात घाला. साहेब, तुम्हाला दिलेला शब्द मी आज सगळ्यांदेखत मोडला, त्याची क्षमा तुमच्याकडे वेगळी मागणार होतो. पण आत्ता तुमचं माझ्याकडे लक्ष नाही, आणि ताईंनी तुमचा हात धरला आहे, त्यामुळे ते नंतर बघू.

माइकवाल्या दादांना एक विनंती. हा माइक त्या दोघांच्या फार जवळ आहे. आता बंद करा. त्यांना बोलायचं आहे.