खिडकीजवळची जागा

दवाखान्यात बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून मी हलले नाही. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, डॉक्टर म्हणाले काहीच नाही, तर?”

“तर सुटलीस, बाई!”

“सुटले कसली! ऑफिसात सांगून बसलेय, मला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. खिडकीजवळची शांत जागासुद्धा मिळालीय.”

“तुला कुणी सांगितलं पण?”

“मोबाईलवरच्या चाचणीनं. दहापैकी नऊ.”

“मला दहा पडले. सासूबाईंना अकरा पडतील.”

“हसू नकोस गं. ती जागा प्रूफं वाचणाऱ्या काकूंची होती. त्यांना खरंच आहे, लहानपणापासून. ‘मला कळतं गं पोरी,’ म्हणाल्या आणि उठल्या. आता दारापाशी एकच ओळ चारदा वाचतात.”

“अगं बाई!”

“उद्या सगळं सांगून परत देते.”

“आणि डॉक्टर म्हणाले, खरंच आहे, तर?”

“तर टेबल सरकवून काकू नि मी दोघी बसू.”