तोंडावर टॉर्च

...नाही, नाही, मला विचारूच नका! हल्ली जो भेटतो तो मला हेच विचारतो, ‘काय हो, सध्या विनोदी बघावा की भुताचा?’ जसं काही मी सिनेमे बघतो! तुम्हाला सांगतो, तुम्ही सुखी माणसं. तुम्ही तिकीट काढता, आत जाता, आवडला तर बघता, नाही आवडला तर मस्त झोपता, कोण विचारतंय? मला झोपायची सोय नाही, खोकायची सोय नाही, अहो, साधी जांभई द्यायची चोरी! कारण आमचा मेहुणा, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, त्याचं स्वतःचं थिएटर आहे, एकच पडदा, सासऱ्यांनी बांधलेलं... आणि तो नवा सिनेमा लावायचा की नाही हे कसं ठरवतो माहितीये? माझं तोंड बघून! हसताय काय? खरंच सांगतो! सकाळच्या वेळी, रिकाम्या थिएटरात, घरच्यांना पहिल्या रांगेत बसवतो, आमच्यापुढे एक घडीची खुर्ची टाकतो, पडद्याकडे पाठ करून तिच्यावर बसतो आणि हातातला टॉर्च माझ्यावर रोखतो. समोर सिनेमा, मधे मेहुणा, आणि तोंडावर टॉर्च!

म्हटलं, ‘अरे, तू स्वतः बघ ना सिनेमा!’ तर म्हणतो कसा, ‘दाजी, सिनेमा खोटा असतो, तोंड खरं असतं. हे शास्त्र आहे.’ शास्त्र! दहावीला शास्त्रात गटांगळ्या खाल्लेला माणूस मला शास्त्र शिकवतो! आणि तोंड माझंच का? तर मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. तिथे माणसं काय काय बोलतात, माझ्या सात पिढ्यांना पाण्यात बुडवून काढतात, आणि मी चेहऱ्यावरची माशी हलू देत नाही. ‘बरं... पत्ता सांगा.’ एवढंच. त्यामुळे सासरी माझी ख्याती अशी की जावई हसले म्हणजे दगडाला पाझर फुटला! मेहुणा म्हणतो, ‘दाजी ज्याला हसले, त्याला अख्खं गाव हसेल.’

बरं, आधी निदान जोडीदार तरी होता. मी हसायला आणि शेजारचा शिंपी घाबरायला, अशी कामाची वाटणी. पण मागच्या भुताच्या सिनेमाला शिंपी जो खुर्चीखाली गेला तो दिवे लागले तरी बाहेर येईना, शेवटी त्याच्या बायकोला बोलावून आणावं लागलं, आणि तेव्हापासून तो आमच्या दारावरून जाताना टेपसुद्धा गळ्यातून काढून खिशात घालतो, न जाणो कोणी ओळखलं तर!

आणि यंदा तर सगळं अटीतटीचं. थिएटर रिकामं पडायला लागलेलं. सोफासेटवाला आहे ना, मोठं दुकान काढणार आहे तो, तो रोज येऊन थिएटर मोजतो! सिनेमा चालू असताना मोजतो हो! अंधारात पट्टी सरकत येते तुमच्या पायाशी... ‘जरा पाय वर घ्या... हां, इथे कोपऱ्याचा सोफा बसेल.’ मेहुण्याने त्याला शब्द दिलेला : सुट्ट्यांचे दिवस येतायत, त्यात थिएटर भरलं तर ठीक, नाहीतर चावी तुमची. आणि त्या सुट्ट्यांसाठी सिनेमे आले दोन. एक विनोदी, एक भुताचा. लावायचा एकच. कोण ठरवणार? माझं तोंड! म्हणजे सासऱ्यांची आयुष्यभराची पुण्याई माझ्या दोन गालांवर उभी!

आधी विनोदी. तुम्हाला सांगतो, आजकालच्या विनोदी सिनेमात विनोद सोडून सगळं असतं. तीन मित्र, एक बॅग, एक हॉटेल. हॉटेलात दारंच दारं. हा या दारातून आत, तो त्या दारातून बाहेर, आणि दर मिनिटाला कोणीतरी पडतो. पडला की ‘टुंग्’! आपण हसायचं कधी ते विसरू नये म्हणून! अहो, मी काय लिफ्ट आहे, घंटी वाजली की दार उघडायला? आणि दिसतं तरी कुठे धड? मेहुण्याच्या डोक्याच्या डावीकडून एक मित्र दिसतो, उजवीकडून दुसरा, तिसरा अख्खा सिनेमाभर टकलामागे. आणि टॉर्चच्या पलीकडे मेहुण्याचे ते आशाळभूत डोळे...

‘दाजी! दाजी! आत्ता ओठ हलला! हसू ना?’

‘जांभई रे.’

‘मोठी की छोटी?’

आता काय सांगणार! बायको शेजारून कोपर मारतेय, ‘अहो, हसा ना थोडं, माझ्या माहेरचा प्रश्न आहे!’ हसलो. प्रयत्न केला. तर मेहुणा घाबरला, म्हणाला, ‘दाजी, दात दुखतोय का?’

विनोदी सिनेमा बाद. राहिला भुताचा. आणि शिंपी तर नाही, मग घाबरायला कोण? मेहुणा म्हणाला, ‘आईला बसवू.’

आता सासूबाईंचं एक सांगायलाच हवं. सासूबाई जन्मभर त्याच थिएटरच्या तिकीट खिडकीवर. सासरे गेले, खिडकी राहिली. खेळ सुरू झाला तरी उशिरा येणारे येतच असतात, म्हणून खिडकी उघडीच. ती बंद करून, आवरून आत येईपर्यंत मध्यंतर! म्हणजे या बाईने हयातीत हजारो सिनेमे बघितले, पण सुरुवात एकाचीही नाही! सगळ्या सिनेमांत कोण कुणाचा कोण, हे त्या अंदाजाने ठरवत आल्या. एकदा तर सबंध सिनेमा नायकाच्या बापाला त्याचा सासरा समजून बघितला, आणि वर घरी येऊन म्हणाल्या, ‘जावयावर एवढी माया करणारा सासरा विरळाच!’

तर त्या दिवशी सासूबाई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. दिवे गेले. पडद्यावर नावांच्या पाट्या सुरू झाल्या. आणि सासूबाई माझ्या कानात म्हणतात, ‘जावईबापू, पाट्या असतात का हो सुरुवातीला? किती छान अक्षर आहे!’

खोटं नाही सांगत, मी खिशातून रुमाल काढला. आयुष्यभर दुसऱ्यांना सुरुवातीला आत सोडलं हो त्या माउलीने!

पण रुमाल परत खिशात जाईपर्यंतच! कारण सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा सगळं आधीपासून माहीत होतं... आणि मग काय! सिनेमा असा : बंगला, थोरली जाऊ गच्चीवरून पडून मेलेली, धाकटी नवी नवरी होऊन त्याच बंगल्यात. आता भुताच्या सिनेमातल्या लोकांचं मला कळत नाही, खिशात मोबाइल असताना मेणबत्ती घेऊन का फिरतात? आणि आवाज तळघरातून आला की तळघरातच का जातात? आपण नळाचा आवाज आला तरी शेजाऱ्याला पाठवतो! तर ती निघाली तळघरात, संगीत चढतंय, मला भीती वाटायला लागलेली, मेहुण्याची खुर्ची सरकत सरकत माझ्या गुडघ्यांना टेकलेली... आणि सासूबाई खुर्चीतून उठल्या!

‘अगं ए पोरी! जाऊ नकोस गं! ती तुझी जाऊ आहे, ती मेलीये! मी बघितलंय ना, सुरुवातीलाच मेलीये!’

बायको म्हणाली, ‘आई, बस खाली.’

‘बस काय? तिला कोणी सांगितलेलंच नाही! नवरा बघ कसा गप्प बसलाय मेला!’

तेवढ्यात भूत आलं. म्हणजे आलं असावं, मला दिसलं नाही, भूत नेहमी बरोबर मधोमध उभं राहतं, मेहुण्याच्या टकलामागे. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, ‘आणि तू गं? आधी ते केस बांध! डोळ्यांत जातायत, म्हणून अशी बघतेस!’ माझ्या पोटात काहीतरी हललं. दाबलं. तक्रार खिडकीची सगळी वर्षं पणाला लावून दाबलं. आणि मग नायिका गेली न्हाणीघरात, नळ आपोआप सुरू झाला, आणि नळातून भळाभळा लाल पाणी! ती किंचाळली, बायको किंचाळली, आणि सासूबाई शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाल्या,

‘जावईबापू, हे तुमच्या खात्याचं काम!’

संपलो! अहो, लाल पाणी! रोज ऐकतो हो मी ते, ‘साहेब, नळाला लाल पाणी येतंय’, आणि मी म्हणतो, ‘पाइप गंजलाय, पत्ता सांगा!’ त्या भुताचा पत्ता डोळ्यांपुढे आला आणि मी जो सुटलो... खुर्चीवरून घसरलो, बायकोच्या अंगावर पडलो, डोळ्यांतून पाणी, तेही बहुधा लालच! आणि मेहुणा टॉर्च नाचवत ओरडतोय, ‘दाजी हसले! दाजी हसले! ठरलं, हाच लावायचा!’

आणि या शहाण्याने बाहेर पाटी काय लावावी? सिनेमा भुताचा, चित्रात भूत, आणि खाली याच्या हाताने रंगवलेलं : ‘सहकुटुंब पोट धरून हसा!’

सुट्टीचा पहिला दिवस. माणसं आली, पोराबाळांसकट आली, बसली... आणि हसेनात! हसतील कशाला? भुताचा सिनेमा तो! पोरं रडायला लागली, बाया ओरडायला लागल्या, एक काका उभे राहिले, ‘हसायचं कुठे ते तरी सांगा!’ मेहुण्याचा चेहरा असा पांढरा की पडद्याला जोडून लावला असता तर चित्र दिसलं असतं. मागच्या रांगेतून आवाज आला, सर्रर्र... सोफासेटवाल्याची पट्टी! मला, सांगतो, त्या पट्टीचीच खरी भीती वाटली. मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, ‘दाजी, तुम्ही तर हसला होतात ना हो?’ असा केविलवाणा! त्याला रागावू कसा?

आणि बायकोच्या डोक्यात उजेड पडला. ‘अहो, आई कुठेय?’

आई कुठे असणार? खिडकीवर! सवयच ती! मी धावत गेलो, म्हटलं, ‘आई, आत चला, थिएटर बुडतंय!’ तर म्हणतात, ‘उशिरा येणारे येतील ना!’ म्हटलं, ‘अहो, आता जाणारे निघालेत!’ हाताला धरून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं, मी शेजारी, आणि सासूबाई गप्प! एवढ्या माणसांपुढे कसं बोलायचं म्हणून लाजल्या! पडद्यावर न्हाणीघर, नळ सुरू, लाल पाणी, मी देव पाण्यात घालून बसलोय... आणि शेवटी मीच त्यांच्याकडे वाकून विचारलं, तक्रार खिडकीच्या आवाजात, ‘पत्ता सांगा!’

त्या म्हणाल्या, भरल्या थिएटरला ऐकू जाईल असं, ‘बंगला, तळघराजवळ! आणि लवकर माणूस पाठवा, जाऊबाईंना अंघोळीला उशीर होतोय!’

अहो, छप्पर उडायचं बाकी राहिलं! पुढे सासूबाई थांबल्याच नाहीत. मघाचे ते काका पोट धरून हसत होते, रडणारी पोरं ‘आजी, अजून!’ म्हणून ओरडत होती, आणि सोफासेटवाला पट्टीने डोळे पुसत होता. दुसऱ्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत! थिएटर वाचलं! आनंद झाला? झाला ना! मी बायकोचा भाऊ रडताना बघितला आणि मलाही भरून आलं. पण पुढे? सासूबाई म्हणतात, ‘जावईबापू शेजारी नसले तर मला काही सुचत नाही.’ झालं! तेव्हापासून रोज ऑफिस सुटलं की मी थिएटरात! दिवसभर खरं लाल पाणी, संध्याकाळी खोटं! आणि हसायचं मनापासून, कारण हा पठ्ठ्या रोज खुर्ची टाकून माझ्यापुढे. समोर सिनेमा, मधे मेहुणा, आणि तोंडावर टॉर्च!

परवा त्याला हुक्की आली. म्हणाला, ‘दाजी, एवढे लोक हसतात, मीही बघतो एकदा.’ खुर्ची फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याकडे तोंड केलं. भूत आलं... आणि मेहुण्याने अशी किंकाळी फोडली की ऑपरेटरने घाबरून मशीनच बंद केलं! हा माझ्या मांडीवर! सासूबाई म्हणाल्या, ‘लहानपणापासून भित्रा आहे तो. वडिलांबरोबर सिनेमाला बसवलं की पडद्याकडे पाठ करायचा.’ घ्या! हे याचं शास्त्र! इतकी वर्षं माझ्या तोंडावर टॉर्च मारला तो भीतीपोटी! आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! त्यांना वाटलं, खेळातलंच आहे! आता लोक येताना विचारून येतात, ‘बोलणाऱ्या आजी आहेत ना? किंचाळणारे मालक आहेत ना?’ म्हणजे विनोद आणि भय, दोन्ही एका तिकिटात! डाव्या हाताला सासूबाई बोलतायत, उजव्या हाताला मेहुणा माझं मनगट धरून किंचाळतोय...

मी म्हटलं, चला, मेहुणा शेजारी आला, पुढची खुर्ची सुटली, आता तरी भूत दिसेल! तर पुढे पाहतो तो काय, खुर्चीवर बायको! ‘अहो, दादा आता तिकडे बसतो ना, मग तुमच्याकडे कोणी बघायचं? आणि आजचं हसू जरा ऑफिसातलं वाटतंय हं, मनापासून हसा!’ आणि तिचा अंबाडा म्हणजे... मेहुण्याला निदान टक्कल होतं हो, कडेकडेने थोडं तरी दिसायचं!

आणि तुम्ही मला विचारता, सिनेमा बघण्यासारखा आहे का? अहो, मला काय माहीत! मी बघितलाय कुठे? समोर सिनेमा, मधे बायको, आणि तोंडावर टॉर्च!